मारुती कांबळेचा प्रश्न आणि आपला मोहल्ला

गेल्या महिन्यात मिरजेत आमच्या मोहल्ल्याच्या अभ्यासिकेत मुलांना 'सामना' दाखवला. मुलं म्हणजे अकरावी-बारावीची आणि दोघंतिघं पदवीची, सगळी मिळून चौदा. पांढरी चादर खिळ्यांना अडकवलेली, प्रोजेक्टर उसना आणलेला, मध्ये एकदा वीज गेली. काळा-पांढरा, पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीचा चित्रपट ही मुलं शेवटपर्यंत बघतील याची मला खात्री नव्हती. पण बघितला. चित्रपट संपल्यावर बारावीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, हा मास्तर राहतो हिंदुरावाच्या वाड्यावर, जेवतो त्याचं, दारू पितो त्याची. मग त्याला विचारायचा हक्क कुठून आला?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. त्यानंतर महिनाभर हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'सामना' 1974 चा. पटकथा विजय तेंडुलकरांची, दिग्दर्शन डॉ. जब्बार पटेलांचं, निर्माते रामदास फुटाणे. साखर कारखाना, कुक्कुटपालन, शाळा असं सगळं मुठीत ठेवणारा हिंदुराव धोंडे-पाटील म्हणजे निळू फुले. दारूच्या नशेत त्याच्या गावात येऊन पडलेला, एकेकाळचा गांधीवादी स्वातंत्र्यसैनिक मास्तर म्हणजे डॉ. श्रीराम लागू. हा माणूस कोण, सरकारी हेर तर नाही ना, या कुतूहलापोटी हिंदुराव त्याला वाड्यावर ठेवून घेतो. खाऊपिऊ घालतो, आपलं वैभव दाखवतो. फिरता फिरता मास्तरच्या कानावर एक नाव पडतं, मारुती कांबळे. लष्करातून परत आलेला माणूस, आणि आता गावात नाही. कुठे गेला, त्याचं पुढे काय झालं, हे कोणी सांगत नाही. मास्तर विचारत सुटतो. एवढीच कथा. मारुतीच्या भूमिकेत मोहन आगाशे आहेत, छोट्याशा भूमिकेत स्मिता पाटील आहे. 1975 च्या बर्लिन महोत्सवाच्या स्पर्धा विभागात हा चित्रपट गेला होता.

तेव्हापासून मारुती कांबळेचा प्रश्न मराठीत म्हणीसारखा वापरला जातो. एखाद्या चौकशीची फाइल गडप झाली की अग्रलेखात मारुती कांबळे येतो, विधानसभेत विरोधी पक्षाचा आमदारही त्याला बोलावतो. म्हण झाली की त्यातला माणूस मात्र हरवतो. त्याचं आडनाव कांबळे होतं, म्हणजे गावात त्याचं घर कोणत्या बाजूला असणार हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाटलाच्या घरातला माणूस गायब झाला असता तर ते विचारायला बाहेरून दारुड्या मास्तर यावा लागला नसता.

माझे अब्बा कराड भागातल्या एका कारखान्यात मिल फिटर होते. 'सामना' त्यांनी तंबूत पाहिला होता. ते सांगायचे की प्रत्येक तालुक्यातल्या लोकांना वाटायचं, हा आपल्याच साहेबांवर काढलाय. कारखान्यातले कामगार जेवणाच्या सुट्टीत हळू आवाजात हिंदुरावाची नक्कल करायचे, आणि शिफ्ट ऑफिसर आला की गप्प बसायचे. ते गप्प बसणंही मला त्या चित्रपटाचाच भाग वाटतं.

आता आमच्या भागाबद्दल. डॉ. लागूंचा जन्म साताऱ्याचा, 1927 चा. चित्रपटातलं गाव काल्पनिक असलं तरी कृष्णाकाठच्या माणसाला त्याची ओळख पटवून द्यावी लागत नाही. पण तेंडुलकरांनी एक गोष्ट सोपी करून घेतली असं मला वाटतं. त्यांनी ध्येयवादी मास्तर आणि सत्ताधारी हिंदुराव अशी दोन वेगळी माणसं केली. आमच्या दोन जिल्ह्यांत ती पुष्कळदा एकाच माणसात राहात होती.

1943 ते 1946 या काळात सातारा जिल्ह्यात प्रतिसरकार चाललं, ज्याला लोक पत्री सरकार म्हणायचे. तेव्हाचा सातारा म्हणजे आजचा सांगलीही त्यात आला. 1949 साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि 1960 साली त्याचं नाव सांगली ठेवलं. क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर, पांडू मास्तर ही या चळवळीतली माणसं. त्यांनी गावात न्यायनिवाडे केले, सावकारांना आणि गुंडांना वठणीवर आणलं, इंग्रजांची रेल्वे आणि खजिना लुटला. यांच्यातल्याच काहींनी स्वातंत्र्यानंतर सहकाराची वाट धरली. वसंतदादा पाटील 24 जुलै 1943 रोजी सांगलीच्या तुरुंगातून फोडून बाहेर पडले आणि त्यात गोळी लागून जखमी झाले. त्याच वसंतदादांनी पुढे सांगलीत शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा केला आणि चार वेळा राज्याचं मुख्यमंत्रिपद सांभाळलं. हा प्रवास हिंदुरावाचा नव्हे आणि मास्तरचाही नव्हे. पण तुरुंग फोडणाऱ्या पिढीनेच बांधलेल्या संस्था पुढच्या पिढीच्या हातात वाड्यासारख्या कशा झाल्या, हे कळायला कोणा खलनायकाची गरज लागत नाही. दादांच्या नावाचा तो कारखाना पुढे कर्जात गेला आणि दुसऱ्याला भाड्याने चालवायला द्यावा लागला.

उलट उदाहरणही आमच्याकडेच आहे, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे गेलो तर अन्याय होईल. वाळव्यात नागनाथअण्णांनी हुतात्मा किसन अहिर सहकारी साखर कारखाना काढला. किसन अहिर म्हणजे 1945 साली पोलिसांबरोबरच्या चकमकीत शहीद झालेला त्यांचा साथीदार. नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना कोणी मंत्री आठवला नाही, सोबत लढून मेलेला माणूस आठवला. उधळपट्टीला फाटा, चांगला उतारा आणि उसाला चढा दर ही हुतात्माची ओळख अनेक वर्षं राहिली, त्यामुळे शेजारच्या कारखान्यांनाही दर वाढवावा लागायचा. अण्णा 2012 साली गेले. त्यांच्याबद्दल अब्बा म्हणायचे, "उनके घर जाव तो चाय मिलती, नौकरी नहीं मिलती." अब्बांच्या तोंडून निघालेली ही सर्वात मोठी तारीफ मी ऐकली आहे.

म्हणजे सहकार ही मुळातच लबाडी होती असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. हल्ली शहरातल्या लोकांना तसं म्हणायची सवय झाली आहे. कारखाना नसता तर आमच्या घरात शिक्षण आलं नसतं, हे मला माहीत आहे. प्रश्न आहे तो विचारण्याचा.

सप्टेंबरमध्ये आमच्या भागात कारखान्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा होतात. ज्यांनी त्या पाहिल्या नाहीत त्यांनी एकदा जाऊन बघाव्यात. मांडव, खुर्च्या, अहवालाची गुळगुळीत पुस्तिका, पुढच्या चार रांगांत गावोगावचे विश्वासू. सचिव विषय वाचायला लागतात आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत "मंजूर, मंजूर" सुरू होतं. मागून कोणी "नामंजूर" ओरडलं की घोषणाबाजी, धक्काबुक्की, आणि राष्ट्रगीत. पंधरा-वीस मिनिटांत शेकडो कोटींचा ताळेबंद मंजूर. कायदा सभासदाला बरंच काही देतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 प्रमाणे सभासदाला लेखापरीक्षित ताळेबंद, सभासदांची नोंदवही, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त बघायचा हक्क आहे. ऊस गेल्यावर 14 दिवसांत एफआरपीची रक्कम मिळाली नाही तर 15 टक्के व्याज द्यावं असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. किती शेतकऱ्यांनी ते व्याज मागितलं? मागणारा पुढच्या हंगामात ऊसतोडीच्या टोळीची वाट बघत बसतो. चिटबॉय म्हणतो, "तुमचा नंबर यायचाय अजून." ऊस उभा वाळतो, वजन घटतं, आणि कोणी कोणाला काही बोललेलंही नसतं. मारुती कांबळेला मारायची आता गरज नाही, त्याचा ऊस शेतात ठेवला की पुरे.

माहितीचा अधिकारही इथे अर्धवट पोचतो. सहकारी संस्था केवळ सहकारी कायद्याखाली नोंदलेली आहे म्हणून ती 2005 च्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये केरळच्या एका सहकारी बँकेच्या प्रकरणात दिला. त्यामुळे मास्तरला आज कारखान्याच्या दारात अर्ज घेऊन उभं राहून भागत नाही. निबंधकाकडे असलेली माहिती तेवढी तो मागू शकतो, आणि निबंधक तारीख देतो.

आज मास्तर आला तर त्याला मारुती कांबळे शोधायला आणखी एक अडचण येईल. हरवलेला आता एक माणूस नसतो, अख्खा कारखाना असतो. कोरेगाव तालुक्यातल्या जरंडेश्वरचं उदाहरण घ्या. शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून उभा राहिलेला हा सहकारी कारखाना. कर्ज थकलं म्हणून राज्य सहकारी बँकेने 2010 मध्ये तो लिलावात विकला. राज्य सहकारी बँकेच्या कर्जवाटपाबद्दल आणि कारखाने विक्रीबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2019 मध्ये गुन्हा नोंदला गेला. 2020 मध्ये आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करावा असा अहवाल दिला. 2021 च्या जुलैमध्ये ईडीने जरंडेश्वरच्या मालमत्तेवर टाच आणली. मग राज्यात सरकारं बदलली, पक्ष फुटले, आरोप करणारे आणि ज्यांच्यावर आरोप झाले ते एका मंचावर बसले. कोण दोषी हे मी सांगणार नाही, ते न्यायालयाचं काम. पण ज्यांनी शेअर्सचे पैसे भरले त्या सभासदांचं काय झालं, हे कोणत्या वाड्यावर जाऊन विचारायचं? चित्रपटात निदान हिंदुराव समोर बसलेला असतो. डोळ्यात डोळे घालून विचारता येतं. आता समोर एक कंपनी असते, तिच्यामागे दुसरी कंपनी, आणि वसुलीच्या नोटिशीवर सही कोणाची आहे ते वाचता येत नाही.

जब्बार पटेलांनीच 1979 मध्ये 'सिंहासन' केला, अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. त्यात जागा उलट्या आहेत. लागू सत्तेच्या मागे लागलेले मंत्री विश्वासराव दाभाडे, आणि निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. दिगूला सगळं ठाऊक आहे, विचारायचं काही उरलेलंच नाही, आणि शेवटी त्याला वेड लागतं. पाच वर्षांत मराठी सिनेमा विचारणाऱ्या माणसापासून वेड लागलेल्या माणसापर्यंत आला, मध्ये आणीबाणी येऊन गेली. मुलांना पुढच्या वेळी तो दाखवायचा आहे.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो, कारण तो आपल्याला लागू आहे. आपल्याला म्हणजे साताऱ्या-सांगलीतल्या मुसलमानांना.

'सामना' आपल्या समाजावरचा चित्रपट नाही. दिग्दर्शक जब्बार पटेल आहेत एवढ्यावरून आपल्यातले काही जण त्याच्याशी नातं सांगतात, ते मला पुरेसं वाटत नाही. नातं आहे ते मास्तरच्या वाड्यावर राहण्याशी. इथल्या मुसलमान मोहल्ल्यांनी तीन पिढ्या कुठल्या ना कुठल्या साहेबांच्या आश्रयाने काढल्या. कारखान्यात दोन पोरं लागली, शादीखान्याला निधी मिळाला, पंचायत समितीत एक स्वीकृत माणूस, रमजानमध्ये इफ्तारला साहेब टोपी घालून आले, फोटो काढला. यातलं काहीच वाईट नव्हतं. बदल्यात कोणी काही मागितलंही नाही. फक्त आपण विचारायचं थांबलो. मारुती कांबळेचं नाव कानावर आलं तरी आपण म्हणालो, ते त्यांच्यातलं आहे. उसाच्या दराचं आंदोलन झालं, ते त्यांच्यातलं. 2012 च्या नोव्हेंबरात सांगली जिल्ह्यात वसगडे इथे ऊस आंदोलनात पोलिसांच्या गोळीने एक शेतकरी मेला, तेही त्यांच्यातलं. आपण सुरक्षित होतो कारण साहेब होते.

10 सप्टेंबर 2023 च्या रात्री खटाव तालुक्यात पुसेसावळीला ही सुरक्षितता किती टिकाऊ होती ते कळलं. समाजमाध्यमावरच्या आक्षेपार्ह मजकुराचं निमित्त झालं, जमाव मशिदीवर चालून गेला, दुकानं-गाड्या जाळल्या, आत असलेल्यांना मारलं. एक तरुण मेला, अनेक जखमी झाले. जिल्ह्याचं इंटरनेट बंद केलं गेलं. पुसेसावळी काही परक्या मुलखात नाही. प्रतिसरकारच्या सातारा जिल्ह्यातलंच ते गाव.

त्या आठवड्यात मी दोन-चार ज्येष्ठांना म्हणालो की प्रत्येक गावातून एक पत्र काढू, तपासाबद्दल लोकप्रतिनिधींना जाहीर प्रश्न विचारू. एका चाचांनी, ज्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे, मला बाजूला घेऊन सांगितलं, "अभी मत बोलो बेटा. साहेबांना अडचण होईल." साहेबांना अडचण होईल. घरातला तरुण मुलगा गेला ती अडचण कोणाची, हे विचारायला माझी जीभ वळली नाही, कारण चाचांच्या नातवाला मी स्वतःच त्याच साहेबांच्या कॉलेजात प्रवेश मिळवून दिला होता, शब्द टाकून. मास्तरच्या हातातला तो पेला माझ्याही हातात आहे.

मग त्या मुलीला काय सांगायचं? मला वाटतं तेंडुलकरांनी मास्तरला मुद्दाम दारुड्या केला. स्वच्छ, करारी, खादीतला ध्येयवादी दाखवला असता तर आपण टाळ्या वाजवून घरी गेलो असतो. तसा माणूस आपल्यात नाही, तेव्हा विचारायची जबाबदारीही आपल्यावर नाही. हा मास्तर हरलेला आहे, लाचार आहे, स्वतःच्या नजरेतून उतरलेला आहे. तरी विचारतो. विचारायचा हक्क चारित्र्याच्या दाखल्यावर मिळत नाही, तो मारुती कांबळेकडून येतो. माणूस गायब झाला, म्हणून विचारायचं. विचारणारा कोणाच्या पंगतीला बसला होता हा मुद्दा हिंदुरावाच्या सोयीचा आहे, आणि हिंदुराव तो काढणारच. आपल्याकडेही तो काढला जातो: तू कोण, तुझी लायकी काय, तुझं घर कोणी चालवलं.

हे एवढं लिहून थांबलो असतो तर दुसऱ्यांना उपदेश करून मोकळा झालो असतो. पण आपल्या घरातही वाडे आहेत.

हमीद दलवाईंनी 22 मार्च 1970 रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं, तेव्हा आपल्या समाजाने त्यांना काय म्हटलं ते वेगळं सांगायला नको. त्यांची सगळी मतं मान्य असण्याची गरज नाही, माझी नाहीत. पण त्यांना दिलेलं उत्तर प्रश्नाला नव्हतं, माणसाला होतं. तोच प्रकार मशिदीच्या, दर्ग्याच्या, शाळेच्या ट्रस्टमध्ये आजही चालतो. 2025 मध्ये वक्फ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. मीही गेलो होतो, आणि पुन्हा जाईन. पण मोर्चात माझ्या शेजारी चालणारे काही मुतवल्ली 1995 च्या कायद्याखाली बोर्डाला द्यायचा वार्षिक हिशेब किती वर्षं देत नाहीत, हे मला माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. आम्ही दोघेही घोषणा देत होतो. बाहेरच्याने आपल्या जमिनीवर डोळा ठेवला की आपण विचारतो, आतल्याने ठेवला की जमातीची बदनामी होईल म्हणून गप्प बसतो.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खोटा नाही. सगळं वातावरण विरोधात असताना आपणच आपलं धुणं चव्हाट्यावर का धुवायचं? मी याचा खूप विचार केला आहे. माझं म्हणणं एवढंच की हिशेब नोटीस बोर्डावर लावणं म्हणजे चव्हाटा नव्हे. ट्रस्टच्या पाच गाळ्यांचं भाडं किती येतं आणि कुठे जातं हे नमाजींना कळलं तर बदनामी होत नाही. कळलं नाही तर एक दिवस ते दुसरा कोणी सांगतो, त्याच्या पद्धतीने, टीव्हीवर.

लागू आणि निळूभाऊ यांच्याबद्दल एक गोष्ट राहिली. पडद्यावर एकमेकांसमोर उभे राहिलेले हे दोघे पडद्याबाहेर एकाच बाजूला होते. साताऱ्याच्याच डॉ. नरेंद्र दाभोलकरांबरोबर त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीचं काम केलं. गावोगाव नाटकाचे प्रयोग करून पैसे उभे करायचे आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांना दरमहा थोडं मानधन द्यायचं, म्हणजे त्यांना कोणाच्या वाड्यावर राहावं लागू नये. मास्तरची अडचण या तिघांना नीट कळली होती. दाभोलकरांनी साताऱ्यात 'परिवर्तन' हे व्यसनमुक्ती केंद्रही चालवलं. देवाबद्दल लागूंचं मत मला पटत नाही, माझं ईमान माझ्यापाशी. पण 'विवेकजागर'च्या कार्यक्रमात हजार माणसांसमोर लागू आणि दाभोलकर एकमेकांशी असहमत होऊन बोलायचे आणि आवाज चढायचा नाही, हे मी ऐकलं आहे, आणि आमच्या जमातीच्या बैठकीत तसं एकदा तरी व्हावं असं मला वाटत आलं आहे.

20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या. 10 मे 2024 रोजी न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांना सोडलं. गोळ्या झाडणारे ठरले, झाडायला लावणारा कोण हे सिद्ध झालं नाही. 2015 मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरेंना गोळ्या घातल्या. डिसेंबर 2024 मध्ये बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला, आणि लोक रस्त्यावर उतरले म्हणून, म्हणजे हजारो मास्तर एकदम विचारू लागले म्हणून, प्रकरण मंत्र्याच्या राजीनाम्यापर्यंत गेलं. या यादीत पुसेसावळीचं नाव आपण घेतलं नाही तर दुसरं कोणी घेणार नाही.

चित्रपट दाखवल्यानंतरच्या जुम्म्याला त्या मुलीने आणि तिच्या दोन मैत्रिणींनी एका ट्रस्टच्या अध्यक्षांना साध्या कागदावर अर्ज दिला. गेल्या सात वर्षांचे गाळ्यांच्या भाड्याचे हिशेब लावावेत, एवढाच. मला आधी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर मी कदाचित म्हणालो असतो, थोडं थांबा, परीक्षा होऊ द्या. अध्यक्षांनी तिच्या अब्बांना बोलावून घेतलं. अब्बा रिक्षा चालवतात, गाळ्यांपैकीच एकात त्यांच्या भावाचं दुकान आहे. ते गेले, ऐकून आले, आणि मुलीला म्हणाले, "अर्ज में तारीख नहीं डाली तुने. तारीख डालके फिर से दे."

दुसऱ्या अर्जानंतर बोर्डावर दोन वर्षांचा हिशेब लागला. पाच वर्षांचा नाही. तिसऱ्या दिवशी तोही कागद कोणीतरी काढून नेला, बोर्डावर चार टाचण्या तेवढ्या राहिल्या. पण तोवर तिघींनी मोबाइलवर फोटो काढून ठेवले होते. राहिलेल्या पाच वर्षांसाठी तिसरा अर्ज येत्या सोमवारी जाणार आहे, तारखेसकट. त्यावर चौथी सही माझी असेल.